भांडणाला दुसरी ऊब

माणसाच्या रागाला डिग्री असते आणि ती चेहरा बघून सांगता येते, असं मानणारा माणूस आमच्या सबंध पट्ट्यात एकच आहे आणि तो नेमका माझ्या नणंदेचा नवरा आहे. भाऊजी मूळचे चऱ्होलीचे. सगळी नोकरी चाकणच्या एका कारखान्यात गेली, गाड्यांचे गिअर भट्टीत घालून पक्के करण्यात. निवृत्त झाले, पण डोक्यातली भट्टी काही विझली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोघं एकमेकांच्या अंगावर धावले, की बाकीचे मध्ये पडतात. भाऊजी खुर्चीत रेलून न्याहाळतात. "आजून निस्ता लाल हाय, राव. नारिंगी झाला की धरू." एकदा माझे यजमान पाण्याच्या टँकरवाल्यावर ओरडत होते, तर भाऊजींनी मागून जाऊन त्यांच्या कानाला हात लावून पाहिला आणि मला म्हणाले, "काळजी न्हाई, वहिनी. कान गार हाय. निस्ता आवाज चाललाय."

कारखान्यात परदेशी पाहुणे तपासणीला यायला लागले, तेव्हा भाऊजी उतारवयात इंग्रजी शिकले. शिकले म्हणजे तापमानाचे शब्द तेवढे. बाकीच्या भाषेशी त्यांना कर्तव्य नव्हतं. पण त्या मूठभर शब्दांवर ते तासभर बोलतात. मी लसूण सोलत बसलेली असते आणि समोर व्याख्यान चालू असतं. "वहिनी, सायेब थंडीतला मानूस. त्याला ऊब म्हंजी माया. म्हनून त्याचं 'वॉर्म वेलकम'. आपन उन्हातली मानसं, आपल्या पोटात थंडावा पडतो. बरं, मायेला ऊब म्हनतो, तर मंग भांडनाला 'हीटेड' का म्हनतो? धोक्याच्या जागंला 'हॉट' का?" मी म्हणते, मला काय माहीत. "कारन चुलीतली आग न् छपरावरली आग येकच असती. हद्दीत हाय तवर ऊब, हद्द सुटली की धोका. न् राग आला की अंगच तापतं, ते काय कुनी शिकवावं लागतं का? आदी कान तापलं, मंग शब्द आला." हे कोणत्या पुस्तकात आहे, असं विचारलं, की म्हणतात, "सायबाच्या कानात." आणि मग आवाज खाली आणून सांगतात, "पन 'कोल्ड वॉर' म्हनला ना, तिथं त्यो खरा शाना. गरम भांडान दिसतं तरी. गारठल्यालं दिसत न्हाई."

त्यांची खरी खोड मात्र वेगळीच. तापलेला गिअर तेलात बुडवला, की कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. म्हणून त्याला पुन्हा एकदा मंद आचेवर शेकावं लागतं. भाऊजी हाच नियम घरात लावतात. भांडण मिटलं, की दुसऱ्या दिवशी ते थोडं उकरायचं. माझं आणि नणंदेचं एकदा काळ्या मसाल्यावरून वाजलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी भाऊजी आम्हाला समोरासमोर बसवून म्हणाले, "काल ते लवंगांचं अर्धवट ऱ्हायलं व्हतं." आम्ही दोघी मिळून त्यांच्यावर तुटून पडलो. मसाल्याचं मात्र पुन्हा कधी निघालं नाही, हे कबूल करायला हवं.

फसले ते स्वतःच्या मुलीपाशी. माझी ही भाची चाकणलाच एका कंपनीत इंजिनिअर. तिला परराज्यातल्या नव्या प्लांटवर मोठी जागा मिळत होती. लेक लांब जाणार, ह्या धास्तीने भाऊजींनी तिला न विचारता तिच्या साहेबांना फोन केला. साहेब जुने ओळखीचे. "पोरीला जमनार न्हाई," एवढंच म्हणाले, आणि जागा दुसऱ्याला गेली. भाचीला कळलं तेव्हा ती एकदाच कडाडली. भाऊजींनी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या, बाबा." दुसऱ्या दिवशी ते नियमाप्रमाणे उकरायला गेले, तर ती म्हणाली, "नाही हो, बाबा, झालं ते झालं." त्यानंतर सगळं "हो, बाबा", "बरं, बाबा". ताट वाढलं जायचं, औषध हातात मिळायचं, शब्द एकही वावगा नाही. भाऊजी मुद्दाम तिचे बूट लपवायचे, तिच्या कंपनीला नावं ठेवायचे. ती हसून कंपनीची बस पकडायला निघून जायची. "वहिनी, पोरगी गारठली," ते मला म्हणाले. तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मी सरळ सांगितलं, "भाऊजी, तिला कसली ऊब देताय? तिचं जे मोडलंत, ते जोडा आधी."

त्यांनी माझा सल्ला मानला, पण आपल्या पद्धतीने. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना भाऊजींनी सगळ्यांसमोर तिच्या साहेबांना फोन लावला. "सायेब, तवा मी खोटं बोल्लो. पोरीला इचारलंबी न्हवतं. फुडची जागा निघाली की तिलाच द्या." फोन ठेवून अभिमानाने लेकीकडे पाहिलं.

भाची ताटावरून उठली. "परत? परत मला न विचारता फोन? बाबा, तुम्हाला अक्कल कधी येणार? माझी नोकरी आहे, माझं तोंड आहे, मी बोलेन ना!" मग कित्येक महिन्यांचं साचलेलं सगळं निघालं, लहानपणी सायकल घेऊ दिली नाही, इथपर्यंत ती मागे गेली. नणंद तिला आवरायला उठली, तर भाऊजींनी हाताने थांबवलं. खाली मान घालून ऐकत होते आणि वरणभातावर डोळ्यांतलं पाणी टपटप गळत होतं. ती थकून बसली आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी प्यायली.

पुढची जागा निघाली तेव्हा तिने स्वतः मागितली, तिला मिळाली आणि ती परराज्यात गेली. आता बापलेक दर रविवारी फोनवर भांडतात. नणंद मला कळवते, "आज मस्त जुंपली होती."

परवा मात्र भाऊजी एकटेच आले आणि ओट्याशी उभे राहिले. "वहिनी, आज पोरगी भांडलीच न्हाई."

"गारठली परत?"

"न्हाई, न्हाई. म्हनली, बाबा, तुमची लई आठवन येती." गॅसवरच्या दुधाकडे बघत म्हणाले, "ह्याला काय म्हनायचं, त्यो शब्द सायबाकडं न्हाई बगा. आपल्याकडंबी न्हाई."

मी दुधाखालचा गॅस बारीक केला आणि त्यांना बसायला सांगितलं.