मंडईतल्या बाईला वांगं वळखंना

कराड-मलकापुरात असा एक चौक न्हाई, जितं माझ्या हातचा फ्लेक्स लागला न्हाई. त्यातल्या निम्म्यांवर वाढदिवस कुणाचा हाय, ते अजून कुणाला वाचता आलेलं न्हाई.

वैशाली मॅडमनी ते फ्लेक्स वाचले न्हवते, गाडीतनं रंग तेवढं बघितलं हुतं. ह्या सांगलीच्या बाई मोबाईलचे गेम बनवत्यात. म्हणाल्या, "दादा, म्हाताऱ्या माणसांसाठी सोपा गेम करतेय. एकसारख्या तीन भाज्या रांगेत आणल्या की त्या गायब. तुम्ही फक्त भाज्या काढून द्या."

मी सातवी नापास. बोर्ड रंगवत रंगवत कॉम्प्युटरवर आलेला. म्हणलं, सहा भाज्याच तर हायत. वांगं, कांदा, बीट, टमाटं, ढबू मिरची, लिंबू. चहा थंड व्हायच्या आत काढतो.

आता आमच्या धंद्याची एक खोड सांगतो. फ्लेक्सवर वीतभर जागा मोकळी दिसली की गिऱ्हाईक म्हणतंय, "हितं काय न्हाई व्हय? चुलत्याचा फोटो टाक की." त्यामुळं मोकळी जागा बघितली की माझा हात गप बसत न्हाई. वांग्याला सोनेरी बॉर्डर मारली. मागं शॅडो, म्हंजे सावली. आत ग्लो, म्हंजे पोटात बल्ब लावल्यागत उजेड. पाठीमागनं सूर्याची किरणं, कोपऱ्यात दोन फुलं. ह्ये सगळं एका टाइलमधी. टाइल म्हंजे गेममधला एक चौकोन, मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढा. पण मी बघत हुतो कॉम्प्युटरवर, पडदाभर मोठं करून. लय भारी दिसत हुतं. वांगं आमदारकीला उभं राहिल्यागत.

ट्रायलला मॅडमच्या घरी गेलो. खेळायला त्यांची आई, आक्का. उभा जन्म सांगलीच्या मंडईत भाजी विकलेली बाई. तीन म्हयन्यामागं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मॅडम म्हणायच्या, आता गाळा सोड. आक्का म्हणायच्या, डोळं आत्ता कुठं नवं झाल्यात, कशाला सोडू?

आक्कांनी वांगं म्हणून बोट ठिवलं, ते बीट निघालं. कांदा म्हणून ठिवलं, ते बी बीट. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. परत बीट.

"वैशे, मला वांगं वळखंना गं."

"म्हणूनच सांगत होते ना आई. सोड आता तो गाळा."

आक्कांनी मोबाईल पालथा घातला आन हात मांडीवर ठिवून बसल्या.

हितं मी तोंड उघडायला पायजे हुतं. मला दिसत हुतं की त्या चौकोनात भाजी उरलीच न्हवती, नुसतं सोनं आन किरणं. पण मॅडम म्होरं बसलेल्या. माझी इज्जत जाईल म्हणून मी काय बोललो? "आक्का, सवय झाली की दिसंल." वर त्यांच्याच हातचा चहा पिऊन उठलो.

परतीच्या एसटीतनं मलकापुरात माझाच फ्लेक्स दिसला. नाव वाचाय गेलो, वाचता येईना. लिवलेलं मीच! तवा मला पेंटरमामा आठवले. त्येंच्याकडं मी बोर्ड रंगवाय शिकलो. बोर्ड झाला की मामा रस्ता वलांडून पल्याड जायाचे आन डोळं बारीक करून बघायचे. तसं वाचता आलं तरच बोर्ड झाला. मी तवा माघारी त्येंची नक्कल करून पोरांला हसवायचो.

दुकानात येऊन सहाच्या सहा भाज्या काळ्या भरल्या. आकार तेवढा ठिवला, नुसत्या आकारावरनं वळखतंय का बघाय. सहा काळी ढेकळं पडली म्होरं. एक वळखू आली न्हाई, मलाच.

सकाळी फोन लावला. "मॅडम, ती चित्रं..."

"दादा, नंतर बोलू का? आई आज मंडईत गेलीच नाही. गाळा कुणाला तरी देऊन टाकायचा म्हणतेय."

दुकानाचं शटर अर्धं वढलं आन पुसाय बसलो. बॉर्डर, ग्लो, किरणं, सगळं. लय जड गेलं. एक फूल तर चारदा पुसलं आन चारदा ठिवलं. मग वांग्याला वाकडा देठ दिला, कांद्याला वर शेंडी, बिटाला खाली शेपटी, लिंबाला टोक. ढबूचं खांदं रुंद केलं. टमाट्यावर चांदणीगत देठ. म्हंजे रंगात घोटाळा झाला तरी आकारावरनं कळावं. मागं साधा फिक्का रंग, आन भाजीला गडद कड. ह्येला कॉन्ट्रास्ट म्हणत्यात. मोबाईल टेबलावर उभा करून दारातनं डोळं बारीक करून बघितलं. दिसत हुतं.

दुसऱ्या दिवशी सांगली. आक्का भिताडाला टेकून बसल्या हुत्या.

"आवं आक्का, डोळं तुमचं चांगलं हायत. चित्रं माझी वाईट हुती. मला तवाच कळलं हुतं."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "तेव्हाच कळलं होतं? आणि चहा पिऊन गेलात?"

मी चपलाकडं बघाय गेलो. त्या बी बाहेर काढलेल्या.

आक्कांनी मोबाईल घेतला. "वांगं. वांगं. ह्ये बी वांगं." तीन गेली. "कांदा. बीट. बीट." बोट आमच्या डोळ्याला दिसंना इतकं पळाय लागलं. पयली लेव्हल झाली, दुसरी झाली. तिसरी अर्ध्यावर टाकून आक्का उठल्या.

"वैशे, गाळ्याची किल्ली कुठं ठिवलीस?"

मॅडमनी फ्रिजवरनं किल्ली काढून दिली.

गेम आज त्याच सहा साध्या भाज्यांवर चालतोय. पण तवा, एवढी लाज वाटून बी, माझी खोड काय जाईना. दारात चपला घालणाऱ्या आक्कांला मी इचारलंच, "मग आक्का, वांगं कसं काढलंय? देठ बघितला का?"

आक्कांनी पिशवी काखेत मारली.

"वांगं वांग्यागत दिसतंय. त्यात तुझं काय रं?"