कालचा भाग
हातावर अत्तर चोळलं की मला फरीदाबादची ती संक्रांत आठवते. आमच्या नव्या कॉलनीत आठ-दहा मराठी घरं होती आणि केबल फक्त शेजारणीकडे आली होती. एरवी हळदीकुंकवाला बायका माझ्याभोवती बसायच्या. त्या दुपारी मात्र, माझ्याच गच्चीवर, उबदार उन्हात सगळ्या तिला घेरून बसल्या. हातातला तिळगूळ तसाच धरून ती सीरियलमधली भांडणं, रुसवे, नायिकेच्या साड्या असं काही रंगवून सांगत होती, की मी लुटायला आणलेल्या स्टीलच्या वाट्यांकडे कोणी बघितलंही नाही. मला राहवेना. "आमच्याकडेही परवाच लागली केबल," मी ठोकून दिलं, "आणि कालचा भाग तर बिल्कुल चुकवण्यासारखा नव्हता!" मग मी नायिकेला घराबाहेर काढलं, सासूला रडवलं, समोरच्या एकीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. "अच्छा? खरंच असं झालं?" तिने शेजारणीला विचारलं. शेजारणीने माझ्याकडे बघितलं. "हो, अगदी असंच झालं," ती म्हणाली. नंतर जिना उतरताना तिने माझा हात धरला. "वहिनी, काल केबलची तार तुटली होती. सीरियल दिसलीच नाही. पण तुमची गोष्ट छान होती हं." तिने मला चारचौघींत खोटं पाडलं असतं, तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं. आज माझ्या घरी हवी ती सीरियल हवी तेव्हा लागते, पण तिचा तो चांगुलपणा मला अजून सहन होत नाही.