प्रसाद वहीत लिहिला नाही

कुत्रीच्या परीक्षेचं काय झालं, हे तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. आता नीट लिहिते.

अंध माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणारी एक संस्था आहे. पुढचं शिक्षण ती स्वतः देते, पण आधी वर्षभर पिल्लू कुणाच्या तरी घरी वाढवतात. त्याला माणसांची, गाड्यांची, आवाजांची सवय व्हावी म्हणून. आजोबा गेल्यावर घर फार रिकामं वाटायचं, म्हणून मी अर्ज केला. अडीच महिन्यांचं लॅब्रेडॉर पिल्लू आलं आणि आठवड्याभरात मला कळलं, की रिकामं घर इतकं काही वाईट नव्हतं.

पहाटे पाचला खाली, सातला पुन्हा खाली. लिफ्ट बंद असली की तीन मजले आणि माझे गुडघे. पिवळं जाकीट घालून तिला रोज कुठेतरी न्यायचं: भाजीबाजार, बँक, खोपटचा एसटी डेपो. हॉर्न वाजला की ती माझ्या साडीत तोंड खुपसायची. काय खाल्लं, कुठे गेलो, कशाला घाबरली, सगळं मी वहीत लिहायची.

एक नियम फार कडक. माणसांचं खाणं हातातून कधीच द्यायचं नाही. कळव्याहून दर पंधरा दिवसांनी येणाऱ्या ट्रेनर मुलीनं बजावलं होतं, "आजी, रस्ता ओलांडताना ही कुणाच्या वड्याकडे वळली, तर मागचा माणूस गाडीखाली जाईल."

तळमजल्यावरच्या वहिनी दर गुरुवारी बिस्कीट घेऊन जिन्यात उभ्या.

"दत्तगुरूंच्या पायाशी बसणारा जीव, ताई. एका बिस्किटानं काय होतंय?"

"वहिनी, ती कामावर आहे."

"अगंबाई! मग पगार किती घेते?"

मी हसले नाही. चार गुरुवार असे परत पाठवल्यावर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

दहाव्या महिन्यात डेपोत चाचणी झाली. ट्रेनरनं डोळ्यांना पट्टी बांधून कुत्रीचा पट्टा हातात घेतला. बसगाड्या, हॉर्न, शेंगदाणे खाणारी माणसं, सगळ्यांतून ही सरळ चालली. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात बाकावरच्या एका बाईनं डबा उघडला आणि देवळातून आणलेला शिरा शेजारणीच्या हातावर ठेवायला चिमूट पुढे केली. कुत्री एकदम तिकडे वळली. ट्रेनर फलाटाच्या कडेला ठेचकाळून पडली. आणि ही त्या बाईसमोर जाऊन शहाण्यासारखी बसली, घरी बसते तशी.

पट्टी काढत ट्रेनरनं विचारलं, "आजी, घरी कुणी हातानं देतं का?" तिचा तळहात सोलला होता.

"कुणी नाही. वही बघ."

"मग असं बसायला ही कुठे शिकली?"

उत्तर मला तिथेच कळलं होतं. सांगितलं मात्र रिक्षा घराजवळ आल्यावर.

"अगं, पूजा झाली की मी तिला प्रसाद देते. रोज. शिऱ्यातले बेदाणे काढून देते, कुत्र्यांना चालत नाहीत ना."

"आजी! हे वहीत का नाही?"

"प्रसाद म्हणजे काही खाणं..."

घरातल्या कुणाला वगळून प्रसाद खायचा नाही, हे सासूबाईंनी शिकवलेलं. तिला मी घरातली धरलं होतं. तेही खाणंच, हे मला एकदाही सुचलं नाही; वहिनींना जिन्यातून परत पाठवणाऱ्या मला.

ट्रेनर म्हणाली, तिला आजच दुसऱ्या घरी नेते. नाहीतर वर्ष संपल्यावरही आणखी तीन महिने ठेवा आणि सवय तुम्हीच मोडा. नाही मोडली, तर ती या कामाला चालणार नाही. मी दमले आहे, बाळांनो. दिवस मोजत होते. पण सवय मीच लावलेली. म्हणून तिला ठेवून घेतलं आणि तुमच्याकडे यायचं पुढे ढकललं.

आता पूजा झाली की शिरा ठेवलेला तळहात तिच्यासमोर उघडा धरायचा, आणि ती तोंड फिरवेपर्यंत हलवायचा नाही. देवापुढचं असं आमिष म्हणून धरणं मनाला पटत नाही, तरी धरते. काल दंड भरून आला. ती बसूनच होती, लाळ गळत होती, माझ्याकडे बघत होती. शेवटी तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. त्या क्षणी "शाब्बास" म्हणायचं असतं. मला लगेच म्हणता आलं नाही. मग म्हटलं.