फुगलेल्या कोंबडीचं वजन

कोंबडीचं वजन मी डोळ्यांनी केलं आणि डॉक्टरांना सांगितलं, काट्यावर केलं.

या दोन चुका झाल्या. बायकोच्या मते मूळ चूक एकच, आणि ती आमच्या लग्नाच्या दिवशी झाली.

कोंबडी बायकोची. धंतोलीतल्या दवाखान्यात गुडघ्याचं ऑपरेशन करून ती घरी आली, तेव्हा अंगणात रोज चकरा मारायला सांगितलं होतं. पहिला आठवडा तिच्या वॉकरसोबत मी चाललो. माझ्या सूचना ऐकून ती दोन चकरांतच खुर्ची मागायची. मग ही तांबडी गावरान कोंबडी तिच्या मागे लागली. वॉकर दोन पावलं सरकला की कोंबडी दोन पावलं. वॉकर थांबला की तीही थांबून माती उकरायची. दोनाच्या दहा चकरा झाल्या. कोंबडी सल्ला देत नव्हती, एवढाच काय तो तिच्यात आणि माझ्यात फरक.

एका सकाळी ती मागे आली नाही. पेरूच्या झाडाखाली मान आत ओढून, डोळे मिटून, पिसं फुलवून बसून राहिली. बायको पहिल्याच चकरेत थांबली.

"इले पहा नं, काय झालं," म्हणाली, आणि त्या दिवशी पुढे चाललीच नाही.

मी कोंबडीला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चोच उघडून पाहिली, छातीला नळी लावली, पातळ औषधाची बाटली दिली.

"वजन किती?"

"अडीच किलो."

"काट्यावर केलंत ना?"

"हो."

आता खोटं का बोललो? बुटीबोरीच्या कापड कारखान्यात, रंगखात्यात माझी उभी हयात गेली. रंगाची पावडर तळहातावर घेऊन मी वजन सांगायचो आणि ते जमायचंही. अशा माणसानं साध्या कोंबडीसाठी काटा शोधत फिरावं? डॉक्टर म्हणाले, किलोमागे अर्धा मिली, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. मी घरी येऊन अडीच गुणिले अर्धा असा सुवाच्य गुणाकार मांडला, सव्वा मिली उत्तर काढलं आणि कागद फ्रिजवर चिकटवला. गुणाकार अगदी बरोबर होता.

संध्याकाळी एक डोस दिला, सकाळी दुसरा. दहाच्या सुमारास कोंबडीनं मान विटेवर टाकून दिली.

तेवढ्यात भाजीवाली म्हातारी ठेला घेऊन फाटकाशी आली. ही अख्ख्या गल्लीला अरे-तुरे करते.

"काय देल्लं गा भाऊ इले?"

मी अडीच किलोचा हिशोब सांगितला.

"अडीच किलो? हे? डोळे आहे का बटन लावले तुले?"

तिनं तराजूतली वांगी काढली. बायकोनं कोंबडीला टॉवेलात गुंडाळून दिलं. म्हातारीनं तसाच दुसरा टॉवेल पलीकडच्या पारड्यात पासंग म्हणून टाकला, वर दोन किलोचं माप ठेवलं. कोंबडी पारड्यासकट टणकन वर गेली. तिनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हातारीनं दोन किलोचं काढून एक किलोचं ठेवलं. पारडं हळूहळू खाली आलं आणि दांडी सरळ झाली.

सरळ झाली, पण स्थिर होईना. बारीक हलत राहिली. मी आधी वाऱ्याला दोष दिला. वारा नव्हता. कोंबडी श्वास घेत होती.

"पिसात हात घाल," म्हातारी म्हणाली.

घातला. बोटं दोन पेरं आत गेली तरी कातडी लागेना. सगळी हवा! लागली तेव्हा चटका बसल्यासारखी गरम, आणि मधोमध छातीचं हाड विळ्याच्या पात्यासारखं.

"बिमार कोंबडीले थंडी वाजते, मंग ते पिसं फुलवते. जितकी फुगली तितकी बिमार समज."

म्हणजे मी तिचं दुखणं तोललं होतं आणि त्या मापानं अडीच पट औषध पाजलं होतं.

मी बायकोसमोरच डॉक्टरांना फोन लावला. "वजन मी काट्यावर केलं नव्हतं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "आज पुढचा डोस देऊ नका. चोचीच्या कडेनं थेंब थेंब पाणी पाजा. सकाळी घेऊन या."

दुपारभर बायको खुर्चीत कोंबडीला मांडीवर घेऊन बसली आणि मी ड्रॉपर धरून समोर उकिडवा. एक थेंब सोडायचा, गळा हलण्याची वाट पाहायची. दुसरा हात तिच्या छातीखाली होता. मी ठोके मोजायला घेतले. आयुष्यभर मोजण्याचीच नोकरी, पण पंधराच्या पुढे जाता येईना, इतके ते घाईचे. एक किलो जीव. त्यातलं पाव किलो तरी पिसं आणि हाडं असतील. उरलेल्यात ताप, माझे दोन चुकीचे डोस, आणि तरीही प्रत्येक पीस न् पीस उभं धरून ठेवायची ताकद. मी मोजणं सोडलं आणि नुसता हात ठेवून बसलो.

सकाळी डॉक्टरांनी तिला आपल्या काट्यावर ठेवलं, आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला आणि अर्ध्या मिलीनं औषध पुन्हा सुरू केलं.

त्यानंतर कोंबडी रोज लहान होऊ लागली. तिसऱ्या दिवशी तर निम्मीच दिसायला लागली.

"वाळून राहिली का वं माय हे?" बायको घाबरून भाजीवालीला म्हणाली. पुन्हा तराजू, पुन्हा टॉवेल. एक किलो, आणि वर एक लहानसं वांगं. वजन वाढलं होतं आणि कोंबडी निम्मी झाली होती! पिसं अंगाला बसली होती; आता ती उभी धरायची गरज उरली नव्हती. बरं होणं असं आकसत येताना मी कधी पाहिलं नव्हतं.

सहाव्या सकाळी बायकोनं वॉकर धरला. दोन पावलं गेली. पेरूखालून कोंबडी उठली, अंग झटकलं आणि मागे निघाली. पाचव्या चकरेला माझ्यानं राहवलं नाही.

"पाहिलं? शेवटी हिशोब जमला का नाही?"

बायको थांबली नाही. कोंबडीही नाही.

"मी बिमार पडली तं माह्या औषधाले हात नोका लावू."