बकरीले शुद्ध मराठी समजत नाही

परवा आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका बकरीनं निकाल लावला. खोटं वाटत असन तर अर्ध्या गावाले इचारा...

सुरुवात तिसरीच्या बाईनं केली. रस्त्यात गाठून मले म्हणाल्या, "गावभर यमक जुळवून लोकायले चिडवत फिरतं ना तू? तेच माह्या पोट्ट्यायले शिकव." मी दहावीत लटकलेला माणूस. पण माह्या वात्रटपणाले कोणी पहिल्यांदा कामाचं म्हटलं, म्हून गेलो.

शिकवलं एवढंच... घरी ज्याच्याशी सगळ्यात जास्त बोलता, त्याले एक प्रश्न इचारा, अन् शेवटचा शब्द जुळवा. एकानं प्रश्नबिश्न सोडून लहान भावावरच ठोकली. "शेंबड्या, नाक पूस, नाहीतर खाईन तुया ऊस!" वर्ग लोळला.

पायल तेवढी गप्प. पहिले लय बोलायची म्हणे. पण "मले" म्हटलं का कोणीतरी "मला म्हण" म्हणे, म्हून तिनं वर्गात तोंडच उघडणं सोडलं. तिनं हळूच कागद माह्या हातात दिला...

बकरीबाई, शिंगं कायले?
मारतं काय मले?
मीच पाला तोडतो,
मीच देतो तुले.

मी दोनदा वाचलं. बकरीशी एवढं मोकळं कोण बोलते बे?

गॅदरिंगसाठी पायलचं नाव लागलं. पण मोठ्या सरायनं कागद पाह्यला अन् लाल पेन काढला. "शिंगे कशाला? मारतेस का मला? मीच पाला तोडते, मीच देते तुला." वरून म्हणाले, "पाहुणे येणार आहेत. असं शुद्ध म्हणायचं, नाहीतर कविता राहू द्या."

गंमत म्हणजे यमक तरीही जुळत होतं! मले भांडायले जागाच नाही...

तेवढ्यात पायल बोलली. "सर, आमच्या बकरीले हे समजत नाही."

सर हासले. "बकरीला कुठे गं भाषा असते?"

मंग मी मधात घुसलो. "घ्या ना सर टेस्ट. दोघंही म्हणा. ज्याचं ऐकून बकरी येईन, त्याची कविता खरी." सर मजेत "बरं" म्हणून गेले. तिथंच फसले.

गॅदरिंगच्या दिवशी पायलची बकरी दोरीनं धरून मी मंडपात हजर. बोरी अरबच्या बाजारातून आणलेली, एक नंबर नखरेल. सरायनं माइकवर शुद्ध कविता म्हटली. म्हटली साजरी, खोटं कायले बोलू... पण बकरी पाहुण्यायच्या खुर्चीचं कव्हर चावत होती.

मंग पायल माइकपाशी आली. पहिली ओळ हळूच म्हटली. "मारतं काय..." इथं थांबली, सरायकडं पाह्यलं, अन् सगळ्या गावाले ऐकू जाईन असं म्हटलं, "मले!"

बकरीनं माह्या हातातली दोरी हिसकली अन् थेट स्टेजवर. मंडप नुसता शिट्ट्यायनं भरला. सर पण पोट धरून हासले. म्हणाले, "पुन्हा म्हण पोरी... तुझीच म्हण."

आता गावातले काही शहाणे म्हणून राह्यले का पायलच्या खिशात तुरीचा पाला होता. होता! मीच ठेवाले लावलता. मंग? कवितेत काय लिहिलं हाये? "मीच देतो तुले." तिनं शब्द पाळला. सरायच्या खिशात लाल पेन होता... तो बकरी खात नाही.

आमची बोली ज्याले दुरुस्त करायची असन त्यानं खुशाल यावं. पहिले पायलची बकरी बोलावून दाखवावी.

बाई, तुमचे उपकार हायेत माह्यावर. पण काल तुमचा निरोप आला, "पायल आता वर्गात चूपच बसत नाही, येऊन तिले चूप कर"...

सॉरी बाई. ते काम सांगू नका मले.