पॅचचा नाकारलेला तुकडा

माझा दादा नाचणगावजवळ वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतो. मी बोरगाव मेघेत राहते आणि घरूनच प्रोग्रामिंगचं काम करते. त्याच्या विहिरीतल्या पाणबुडी मोटरीसाठी मी एक पेटी करून दिली होती. फोनवरून मोटर चालू-बंद व्हायची आणि गेलेली लाइन, म्हणजे वीज, परत आली की थोडं थांबून ती आपोआप सुरू व्हायची. प्रोग्राम इंटरनेटवर कुणीतरी फुकट ठेवलेला होता, मी तो आमच्यापुरता बदलून घेतला होता.

हे आपोआप सुरू होणं मला कधीच आवडलं नाही. म्हणून प्रोग्रामच्या मूळ कर्त्याने त्यावर पॅच काढल्यावर मी त्याच सकाळी तो लावला. पॅच म्हणजे एक छोटी फाइल. कुठल्या ओळी काढायच्या, कुठल्या घालायच्या, एवढंच तिच्यात असतं. आजूबाजूच्या ओळी पाहून ती जागा ओळखते. स्क्रीनवर भराभर ओळी सरकल्या, प्रोग्राम तयार झाला, मी तो इथूनच पेटीत पाठवला आणि दादाला फोन केला.

"दादा, आता लाइन आली तरी तू बटन दाबल्याशिवाय मोटर चालत नाई."

"पक्कं?"

"पक्कं."

दुपारी जेवून पुन्हा कॉम्प्युटरपाशी बसले, तेव्हा फोल्डरमध्ये एक अनोळखी फाइल दिसली. पॅचचा एखादा तुकडा बसला नाही की तो अशा फाइलीत टाकून दिला जातो. पाच तुकड्यांपैकी चार बसले होते. नाकारला गेलेला नेमका तोच होता, मोटर आपोआप सुरू होण्यापासून थांबवणारा. उन्हाळ्यात मीच त्या ओळीत थांबायच्या दोन मिनिटांची पाच मिनिटं केली होती. पॅच जुनी ओळ शोधत राहिला, ती त्याला सापडली नाही. सकाळी स्क्रीनवर हे लिहून आलंच असणार. मी वाचलं नव्हतं.

दादाला फोन लावला. उचलला वहिनींनी.

"हे विहिरीत उतरलेत, ताई. मोटरीच्या जाळीत कचरा अडकला, तो काढून राह्यले. मी काठावर हावो."

त्या मोटरीच्या केबलला मध्येच टेप गुंडाळलेला जोड होता. मोटर सुरू झाली असती तर पाण्यात करंट उतरला असता.

"मेन स्विच पाडला ना?"

"नाई. लाइन गेली हाये. अन् तुमीच तं सांगतलं, बटन दाबल्याबिगर चालत नाई म्हणून."

तेवढ्यात कानाशी धरलेला फोन थरथरला. पेटीचा मेसेज होता. लाइन आली होती.

पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत पेटी फोनवरचं काहीच ऐकत नसे. तीही खोट त्याच नाकारलेल्या तुकड्याने दुरुस्त व्हायची होती. मी इथून काही म्हणजे काही करू शकत नव्हते.

"वहिनी, त्यांले पाण्याबाहेर यायले सांगा अन् मेन स्विचकडे पळा! दांडा खाली ओढा!"

त्या ओरडल्या, "अहो, पाण्यातून निघा!" मग नुसतं पळणं ऐकू येत राहिलं. चपलांची फटफट, धाप, मध्ये एकदा "अगं माय". पडल्या की काय, मला कळेना. मी घड्याळाकडे पाहत नव्हते. पाहायची हिंमतच नव्हती.

"ताई, मी याले कधी हात नाई लावला."

"लाकडी मूठ हाये, फक्त तीच धरा. जोरात ओढा."

खट्ट असा आवाज आला.

"ओढला. लाल लाइट गेला."

मग पाहिलं, मेसेज येऊन तीन मिनिटं झाली होती. पलीकडून, लांब विहिरीतून दादाचा आवाज आला. "काऊन बोंबलून राह्यली? अर्ध्या पायऱ्या चढलो मी."

तो वर येऊन फोनवर आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तो म्हणाला, "बरं. तू रडू नको," आणि फोन ठेवला.

तो तुकडा मी हाताने ओळ-ओळ पाहून बसवला. दुसरी पेटी टेबलावर ठेवून मोटरीच्या जागी बल्ब लावला आणि कितीतरी वेळा लाइन घालवून परत आणली. बल्ब लागला नाही. तरीही इथून पाठवायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी बसने गेले, स्वतः मेन स्विच पाडला आणि तिथे उभं राहून पेटी बदलली.

वहिनींचा गुडघा खरचटला होता. चहा देताना त्यांनी विचारलं, "ताई, मी फोन नसता उचलला तं?"

दादा म्हणाला, "ते नको काढू आता." पण चहा तसाच ठेवून तो मेन स्विच पुन्हा एकदा पाहून आला.