दुधाचं झाड

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहाचा कप घेऊन हसायला बसणारी मी... आणि आज मीच इथे लिहितेय. काय म्हणायचं ते म्हणा.

२०१७चा हिवाळा, एडमंटन. आमची मुलगी बारशाआधीच गेली. मी हॉस्पिटलमध्ये होते, त्यामुळे माझ्या नवऱ्याने, अमेयने, एकट्यानेच सगळं उरकलं. फ्युनरल होममध्ये विचारलं, "हिंदू? क्रिमेशन?" हा "यस" म्हणाला. सांगायला मोठं माणूस जवळ होतंच कोण!

नंतर फोनवर सासूबाई रडायला लागल्या. "अरे, उष्टावण न झालेल्या बाळाला अग्नी देत नाहीत रे. दूध ठेवून पुरतात."

मग त्यांनीच खूप सारवासारव केली. पण माझ्या डोक्यात एकच बसलं — माझं बाळ उपाशी गेलं. आणि इकडे माझं दूध काही केल्या आटेना. रोज कपडे भिजायचे. इतका राग यायचा स्वतःच्या अंगाचा!

मी एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुनी पुस्तकं स्कॅन करायचे. कामावर परतले आणि एका दुपारी अ‍ॅझ्टेक चित्रपोथीची छापील प्रत समोर आली. एका पानावर झाड... त्यातून दूध ठिबकतंय, आणि खाली तोंडं उघडलेली बाळं.

शेजारच्या टेबलवरची लुपे मेक्सिकोची. माझं तिला काहीच माहीत नव्हतं. "ओह, दॅट वन! मक्याचा दाणाही न चाखता जी बाळं जातात ना, ती इथे येतात. अन्न देणाऱ्या देवाच्या बागेत. हे झाड त्यांना पाजतं."

दाणाही न चाखता... म्हणजे उष्टावणाआधीच की! मी पानावर वाकले. कडेच्या बाळाच्या गालावर तीट होती. काजळाची, जराशी फिसकटलेली. नर्सची नजर चुकवून मी लावली होती, अगदी तश्शी.

"गालावर प्रिंटिंगचा डाग आहे, बघ," लुपे म्हणाली. म्हणजे तिलाही दिसली!

मी वॉशरूममध्ये जाऊन रडून आले. परत बघते तर गाल कोरा. आधी केलेल्या स्कॅनमध्येही कोरा. लुपे पान उजेडात धरून म्हणत राहिली, "बट आय सॉ इट..."

त्या संध्याकाळी दूध थांबलं. ते कधीतरी थांबणारच होतं, मान्य. पण त्या तिटेचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

अमेय घरी आल्यावर त्याला सांगितलं. "असं काही नसतं गं," तो म्हणाला. मग बराच वेळ बुटांच्या लेस सोडत बसला. आणि मान वर न करताच त्याने विचारलं,

"पीत होती का गं ती?"

"पीत होती," मी म्हटलं.